जपलेले दात

रूपेशने नीतूचं तोंड बेसिनवर आपटलं, त्याला निमित्त एका फोनचं होतं. तो जेवायला बसला होता, नीतू वडिलांशी फोनवर बोलत होती आणि दुसरी पोळी ताटात पडायला उशीर झाला. तो उठला, मागून तिची मान धरली आणि बेसिनच्या काठावर तिचं तोंड दोनदा आदळलं. पहिल्यांदा ओठ फुटला. दुसऱ्यांदा वरचे समोरचे दोन दात अर्धे तुटले, शेजारच्या दोन दातांचे टवके उडाले. बाहेरच्या खोलीत बसलेल्या मैनाबाईंनी, तिच्या सासूने, टीव्हीचा आवाज वाढवला.

रूपेश दुर्गजवळच्या हथखोजमध्ये एका कारखान्यात सुपरवायझर होता. कामावर त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, आणि ते तसंच राहावं अशी त्याची इच्छा होती. पुढच्या महिन्यात चुलतभावाचं लग्न होतं. सगळे नातेवाईक येणार होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नीतूला मोटारसायकलवर बसवलं आणि दातांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मोना मूळच्या नागपूरकडच्या होत्या.

“बाथरूममधी घसरली,” रूपेश म्हणाला.

डॉक्टरांनी नीतूकडे पाहिलं. “घसरली,” नीतू म्हणाली.

तीन-चार खेपा झाल्या. चार दातांवर व्हेनियर बसली. नखासारखी पातळ पांढरी टरफलं, दाताच्या पुढच्या बाजूला कायमची चिकटवलेली. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, “मऊ ब्रशने दोन वेळा घासायचं. राखेचं, कोळशाचं मंजन नको. फटींमधून रोज धागा फिरवायचा. बर्फ, हाड, सुपारी चावायची नाही, पाकीट दाताने फाडायचं नाही. पेरू कापून खायचा. तुम्ही झोपेत दात खाता, म्हणून हे नाइट गार्ड, दातांवर बसणारं प्लास्टिकचं कवच, रोज लावून झोपायचं. बाकी नेहमीसारखं राहा.”

नीतूचा जबडा अजून बधिर होता. शेजारी रूपेशचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागून होता. तिच्या कानावर शब्द पडत होते, आत काही शिरत नव्हतं. रूपेश मात्र मोबाइलमध्ये सगळं लिहून घेत होता.

घरी आल्यावर त्याने बेसिनच्या वर एक कागद चिकटवला. चहा बंद. हळद बंद. भाकर बंद, पोळी दुधात कुस्करून. आंबा, बोरं, मक्याचं कणीस बंद. फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलणं बंद, कारण जबडा हलला की दात सुटतात. “डॉक्टरनं सांगतलं हाय,” तो म्हणाला. नीतूला ते खरं वाटलं.

सकाळी ती ब्रश करायची तेव्हा तो मागे उभा राहून मोबाइलवर वेळ लावायचा. झोपताना तिचं गार्ड स्वतःच्या अंगठ्याने दाबून बसवायचा, हनुवटी धरून म्हणायचा, “दाखव.” आणि आता तो तोंडावर मारत नव्हता. पाठीवर मारायचा, बरगड्यांवर, तळपायांवर. एकदा पट्ट्याने मारताना मध्येच थांबला आणि म्हणाला, “दातावर दात दाबू नको. फुटतील.” मग पुन्हा मारायला लागला.

नीतूचे वडील तेजराम रेल्वेतून निवृत्त होऊन दुर्गच्या मोहन नगरात एकटेच राहत. पुढच्या आठ महिन्यांत ती दोनदा त्यांच्याकडे गेली, दोन्ही वेळा रूपेशबरोबर. तेजराम तिच्यासमोर चहा ठेवायचे. “बाबा, डॉक्टरनं मना केलं,” ती म्हणायची. म्हाताऱ्याला आणखी विचारायचं असायचं, पण जावई समोर बसलेला असायचा.

आठव्या महिन्यात तपासणीची तारीख आली. डॉक्टर मोनांनी नीतूचं गार्ड हातात घेऊन दिव्यासमोर धरलं. दाढांच्या जागी आरपार भोकं पडली होती. हे तिसरं गार्ड होतं.

“रूपेशभाऊ, एक्स-रे काढायचा आहे. तुम्ही बाहेर बसा.”

दार बंद झालं. डॉक्टर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. “नीतू, लोकांना एक गार्ड काही वर्षं पुरतं. तुम्ही आठ महिन्यांत तीन चावून टाकली. झोपेत कोणाशी भांडता?”

नीतूने हळूच विचारलं, “मॅडम, चहा कधी चालू करता येईन?”

“बंद कोणी केला?”

“तुमीच ना. चहा, हळद, भाकर, आंबा.”

डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. “मी यातलं काही म्हटलं नव्हतं. भाकर खा, आंब्याच्या फोडी खा, चहा प्या आणि चूळ भरा. दात मजबूत आहेत तुमचे.” हातातलं गार्ड त्यांनी ट्रेमध्ये ठेवलं. “ते बाथरूममध्ये तुटले नव्हते, हो ना?”

नीतूने पाठ फिरवली आणि कुर्ता वर केला.

डॉक्टरांनी तिला विचारून फोटो घेतले, तारीख घालून फाइलमध्ये लिहिलं, भोकं पडलेलं गार्ड पाकिटात घालून ठेवून दिलं. “पोलिसांत जायचं?”

“आता नाई, मॅडम.”

“ठीक आहे. हे सगळं इथेच राहील. माझा नंबर पाठ करा, मोबाइलमध्ये ठेवू नका.”

मोटारसायकलवर मागे बसून येताना नीतूला मार आठवत नव्हता. तिला आठ महिन्यांचा तो पांढरा, आळणी घास आठवत होता. मारलेलं तिला माहीत होतं. फसवलेलं माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बेसिनवरचा कागद फाडला. आलं ठेचून चहा टाकला, दोन कपांत गाळला आणि एक मैनाबाईंपुढे ठेवला.

मैनाबाई कपाकडे पाहत राहिल्या. “तो येऊन पाहीन ना व.”

“पाहू द्या, आई.”

रूपेश पाचला आला. हात धुवायला बेसिनपाशी गेला आणि उघडी भिंत पाहून तसाच स्वयंपाकघरात आला. ओट्यावर दोन कप होते.

“चहा पेली?”

“पेली. मॅडमनं कधीच मना नव्हतं केलं. तुमी खोटं सांगतलं मले.”

त्याने तिचे केस धरून तिला खाली पाडलं, पोटात लाथ घातली आणि छातीवर गुडघा रोवला. बरगडीत काहीतरी तुटल्याचं तिला कळलं. “मुंह खोल,” तो म्हणाला. “खोल, दाखव मले. कावून दात खराब करून राहिली?” त्याने उजव्या हाताचा अंगठा तिच्या तोंडात घातला आणि वरचा ओठ उचलायला लागला.

नीतूने दात आवळले.

कातडी फाटली, मांस फाटलं, दात हाडावर जाऊन टेकले. काहीतरी कडकन मोडलं. त्याचं हाड की आपला दात, ते तिला समजलं नाही. रूपेश ओरडला. डाव्या मुठीने तिच्या कानावर मारत सुटला. तिने सोडलं नाही. मैनाबाई धावत आल्या आणि त्यांनी नीतूचेच केस ओढले. “सोड व माय, सोड! बोट तुटन त्याचं!”

तोंड रक्ताने भरलं आणि श्वास घेता येईना, तेव्हा तिने सोडलं.

रूपेश उठला. अंगठा लोंबत होता. त्याने डाव्या हाताने पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि नीतूच्या डोक्यावर उगारला. तो कुठे पडणार हे मैनाबाईंना दिसलं. त्यांनी केस सोडले आणि हात मध्ये घातला. मनगटाजवळचं हाड मोडल्याचा आवाज झाला. मैनाबाई मटकन खाली बसल्या.

“आई,” रूपेश म्हणाला, आणि वरवंटा त्याच्या हातून पडला.

नीतू सरपटत अंगणात आली आणि ओरडली. तिच्या लग्नापासून तीन वर्षं भिंतीपलीकडून सगळं ऐकणारे शेजारी पहिल्यांदा त्यांच्या दारात आले. कोणीतरी पोलिसांना फोन केला.

दवाखान्यात दोघींना शेजारच्या खाटांवर ठेवलं. हवालदारीणबाईंनी मैनाबाईंना विचारलं, हाताला काय झालं. त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, “बाथरूममधी घसरली.”

नीतूचा चेहरा सुजून काळानिळा झाला होता, एक व्हेनियर निघून पडलं होतं, दुसऱ्याला तडा गेला होता. ती कशीबशी बोलली, “नाई, आई. तुमी नाई घसरल्या.”

मैनाबाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग म्हणाल्या, “वरवंटा लागला. माह्या पोराच्या हातात होता.”

तेजराम आले ते लोखंडी सळई घेऊनच. लेकीचं तोंड पाहून रूपेशला गाठायला परत फिरायला लागले. नीतूने खाटेवरून त्यांच्या सदऱ्याची कड धरली. “बाबा, मारामारी पुरे झाली आता. मले तुमी कोर्टात पाहिजे, जेलात नाई.” म्हाताऱ्याने सळई खाटेखाली ठेवली आणि तिच्या पायाशी बसून राहिला.

डॉक्टर मोनांनी नवं व्हेनियर करून दिलं, तडा गेलेलंही बदललं. या वेळी कसं जपायचं ते नीतूने स्वतः विचारून घेतलं, एकेक प्रश्न दोन-दोनदा. खटला दोन वर्षं चालला. रूपेशच्या वकिलाने न वाकणाऱ्या अंगठ्याचे फोटो दाखवले आणि बाई चावरी आहे, डोक्यावर परिणाम झालेला आहे असं सांगितलं. डॉक्टरांनी फाइल मांडली. मैनाबाई उभ्या राहिल्या आणि दवाखान्यात बोलल्या होत्या तेवढंच पुन्हा बोलल्या.

रूपेशला चार वर्षांची शिक्षा झाली. निकालानंतर मैनाबाई कोर्टाबाहेरच्या बाकावर एकट्याच बसल्या होत्या. त्या आता अहिवाऱ्याला लेकीकडे राहत. नीतू त्यांच्याजवळ जाऊन बसली.

“माह्या पोराले जेलात धाडलं तू,” मैनाबाई म्हणाल्या.

“हो, आई.”

“मी पण धाडलं.”

अहिवाऱ्याची बस आली तेव्हा मैनाबाईंनी पिशवी उचलायला हात लावला, पण वाकड्या बसलेल्या मनगटाला ती पेलेना. नीतूने पिशवी घेतली, त्यांना दंडाला धरून बसमध्ये चढवलं, खिडकीजवळची जागा बघून बसवलं आणि पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवून खाली उतरली.