अठरा हजार तास

“बाबा खंय बघतत टीव्ही? चार वर्सां कोपऱ्यात पडान आसा. बरो झालो की भैणीकडे, वर्षालीकडे घेवन जातंय,” निकेत म्हणाला. मुंबईहून चार दिवसांसाठी आलेल्या मुलाला बापाचं घर आवरायची भारी घाई.

खुर्चीतल्या धोंडूकाकांनी मान डोलावली. “घेवन जा रे. माका कित्याक व्हयो?”

टीव्हीची पाठ उघडी होती आणि सत्यवान त्यात एक आठ पायांची चिप सोल्डर करत होता. वीज सारखी येऊन-जाऊन चिपमधली माहिती बिघडली होती, पडदा काळा. कालच त्याने ती कट्टा गावातल्या आपल्या दुकानात नेऊन कॉम्प्युटरला जोडली आणि तसल्याच दुसऱ्या टीव्हीची माहिती तिच्यात भरली. भरण्याआधी जुनं वाचून बघायची त्याला खोड. टीव्ही एकूण किती तास चालला, तो आकडाही तिथे असतो. अठरा हजार! काकी गेल्यावर निकेतनेच हा टीव्ही आणून दिलेला. चार वर्षं, रोज बारा तास.

खरं सांगावं, तर म्हाताऱ्याचा पोरासमोर पाणउतारा. गप्प राहावं, तर टीव्ही जाणार. काका मोडतील पण ‘राहू दे’ म्हणणार नाहीत, हे सगळ्या वाडीला ठाऊक.

चित्र लागलं, अगदी लख्ख. सत्यवानाने घाईने बटण बंद केलं. वीस वर्षांत त्याने कुणाला खोटा बिघाड सांगितला नव्हता, आणि त्याची त्याला घमेंडही होती.

“निकेत, ह्यो हलवू नको. गाडीत हादरलो तर परत मरतलो.”

“मगे तू केलंस काय?”

“माका जमला तेवढा केलंय.”

“हात गेलो तुझो आता,” काका खेकसले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

निकेत फाटकापर्यंत कुरकुरत आला. “उद्या कणकवलीसून दुसरो मेकॅनिक हाडतंय.”

सत्यवान स्कूटरला किल्ली लावणार, तोच घरात टीव्ही लागला. बातम्यांची वेळ झाली होती. बातम्या देणारी बाई म्हणाली, “नमस्कार.”

“नमस्कार,” धोंडूकाकांचा आवाज आला. “आठ दिस खंय होतंस गो? जेवलंस?”

निकेत फाटकाला धरून तसाच उभा राहिला.

सत्यवानाने स्कूटर सुरू केली नाही. पार रस्त्यापर्यंत ढकलत नेली.