उजेडनाथाची पाटी

दिवेलागणीला लाईट गेली, सगळं गाव अंधारात बुडालं, आणि रस्त्याकडेच्या मांडवात उजेडनाथाची पाटी झळकली : ‘होईल’.

“जय उजेडनाथ!” मांडवातली गर्दी एका तोंडानं ओरडली. बायकांनी पदर पसरले, म्हातारी माणसं दंडवतात आडवी झाली.

पाटी म्हणजे भगव्या कापडात गुंडाळलेली पत्र्याची पेटी. पुढं काळी काच. भक्तानं प्रश्न विचारायचा, ट्रकमधून ती गावात घेऊन आलेल्या बाबानं घोंगडीवर बसून डोळे मिटायचे, की काचेवर अक्षरं पेटायची. कधी ‘होईल’, कधी ‘थांबा’, कधी ‘नवस करा’. गावात वीज नसली तरी पेटायची, हाच चमत्कार.

“वायर न्हाई, खांब न्हाई!” बाबा गर्जायचा. “ही लाईट सरकारची न्हाई, सरकारच्या बापाची हाय! मी बोलत न्हाई लेकरांनो, उजेड बोलतो!”

ही अठ्ठ्याहत्तर सालची गोष्ट. बाळापूरहून डोंगरकडा गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या सावळेवाडीत मी सरकारी दवाखान्याचा डॉक्टर होतो. पाटी आली आणि दवाखान्यातला बाक रिकामा पडू लागला. सर्दी-पडशावाले आले नाहीत त्याचं काही वाटलं नाही. पण मंजुळा यायची बंद झाली, तेव्हा मी सायकल काढली.

मंजुळाला क्षय होता. सुया चालू होत्या, खोकल्यातून रक्त पडायचं थांबलं होतं. दारात तिची सासू सखुबाई बसली होती. सुनेला पोटच्या पोरीसारखं जपणारी बाई.

“सखुबाई, सून सुईला काहून येईना?”

“पाटीवर आलं ना डाक्टर, ‘औषध सोडा’. मला वाचता येत न्हाई, पण समद्यांनी वाचून सांगितलं.”

“अर्ध्यात सोडलं तर दुखणं उलटंल.”

“आता तुमचं खरं धरू का देवाचं?” तिनं आत वळून पाहिलं. आत मंजुळा खोकत होती.

परत येताना जनकाबाई भेटल्या. बौद्ध वस्तीतल्या, ग्रामपंचायतीच्या सदस्य. बैठकीत त्या प्रश्न विचारायला लागल्या की सरपंच उत्तमराव घाम पुसायचे.

“डाक्टरसाहेब, त्या बाबाच्या आन् पाटीच्या मधून कुणालाच जाऊ देत न्हाईत. देवाला आडवं जायचं न्हाई म्हणतेत. मला तर त्या जमिनीचाच वहीम येऊन राहिला.”

वहीम मलाही होता. तो पिवळट उजेड मला ट्रकच्या दिव्यासारखा वाटायचा. पण नुसत्या संशयावर पेटी उघडायला गेलो असतो, तर लोकांनी मलाच झोडपलं असतं.

त्याच आठवड्यात पाटी एकदम झळकली आणि समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरचे डोळे दिपले. गाडी चरात उतरली. कुणी दगावलं नाही, पण गाव हादरलं.

जनकाबाईंनी पंचायतीत विषय काढला. मागं एका कापडवाल्यानं उघडझाप करणाऱ्या दिव्यांची पाटी लावली होती. बाजाराला आलेले बैल बुजले, गाड्या उलटल्या, तेव्हा पंचायतीनं ठराव केला होता : दिव्याची पाटी रस्त्यापासून वीस हात आत पाहिजे.

“बाई, ती दुकानाची पाटी होती. ही देवाची,” उत्तमराव म्हणाले.

“बैल काय, दुकान का देव ते बघून बुजतो का?”

सगळे हसले. उत्तमरावांना मान्य करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंच मांडवात गेले. मीही गेलो. बाबा घोंगडीवरून हलला नाही.

“पाटी हालली तर गावावर कोप होईल!”

“ट्रकमधून हितं आणली, तवा कुणावर कोप झाला?” जनकाबाई म्हणाल्या. “आमी बंद करा म्हणत न्हाई. आत सरकवा म्हणतो. लोकांचा जीव जाता जाता राहिला.”

“बराबर हाय,” गर्दीतून किशनराव बोलले. ते बाबाचे पक्के भक्त. “देव हितं काय अन् तितं काय, देवच. चला रे पोरांनो!”

बाबा “थांबा, थांबा” ओरडत राहिला. भक्तांनीच ‘जय उजेडनाथ’ म्हणत पेटी उचलली. पेटीबरोबर माती फाटली, आणि जमिनीतून काळ्या वायरींचा जुडगा वर येऊ लागला. पसरलेली फुलं उडवत तो थेट बाबाच्या घोंगडीखाली शिरला होता.

पोरांनी पेटी खाली टेकवली.

“उठा बाबा,” जनकाबाई म्हणाल्या.

“मला समाधी लागली हाय.”

“समाधी लागल्यावर बोलता येतं व्हय?”

किशनरावांनी त्याला दंडाला धरून उठवलं. घोंगडीखाली फळी, फळीवर दारावरच्या घंटीची बटणं, आणि फळीखालच्या खड्ड्यात ट्रकची बॅटरी. मी पेटीची पाठ उघडली. आत गाडीचे बल्ब. काचेला काळा रंग, त्यात अक्षरं खरवडलेली. एक बटण दाबलं की एक वाक्य. बाबा घोंगडीआडून बोटानं दाबायचा, बस्स.

सखुबाई गर्दीतून पुढं आली. खाली बसली आणि एक बटण दाबलं.

“काय आलं?”

“थांबा,” कुणीतरी वाचलं.

तिनं दुसरं दाबलं. कुणी बोलेना.

“वाचा की!”

“औषध सोडा,” जनकाबाई हळूच म्हणाल्या.

सखुबाईनं बोट काढलं. अक्षरं विझली. पुन्हा दाबलं, पुन्हा पेटली. मग ती बाबाकडं वळली. “माझी सून रातभर खोकते. तू तिला डोळ्यानं पाह्यलं तरी व्हतं का रे?”

उत्तमरावांनी पोलिसांना बोलावणं धाडलं. पोलीस आले तेव्हा बाबा तिथंच उभा होता.

त्याच दुपारी सखुबाईनं मंजुळाला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणलं. रक्त पुन्हा पडू लागलं होतं. तिला बरं व्हायला वर्षावर काळ लागला. मधल्या काही दिवसांत मलाही भरवसा नव्हता. पण ती बरी झाली.

पंचायतीनं पुढच्या बैठकीत ठरावात एक ओळ वाढवली : दिव्याची कुठलीही पाटी लावण्याआधी तिची मागची बाजू पंचांना उघडून दाखवावी.

वाचकहो, हा नियम आपण प्रत्येकानं पाळावा असं मला वाटतं. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी मागची बाजू बघायला मागा. खरं असेल तर तो दाखवील. दाखवत नसेल, तर तुमच्या घरच्या माणसाचं औषध त्याच्या सांगण्यावरून बंद करू नका.