तिने घासलेला नमुना

तो नमुना तपासनिसाने चार महिने ड्रॉवरमध्ये दडवून ठेवला होता. तळहाताएवढा पोलादी ठोकळा, एका बाजूने आत कापलेली बारीक खाच. नमुने घासून आरशासारखे करायचं काम त्याच्या बायकोचं, शेजारच्याच टेबलावर. ती गेली, आणि तिच्या हातचा हा एवढाच उरला. तपासणीत नमुना ताणून तोडतात; हा तोडला की संपलं.

पण त्या खेपेतले बाकीचे नमुने संपले आणि प्रयोगशाळेच्या मॅडमनी नेमका हाच मागितला. नाही कसं म्हणणार?

नमुन्यावर तिच्या अंगठ्याचा गंजका ठसा होता. असलं पोलाद घामानेसुद्धा गंजतं, उघड्या हाताने धरू नका, म्हणून ती नव्या माणसांच्या कानीकपाळी ओरडायची. आजारपणात तीच विसरली. ठशावर आडवा वण होता, जुन्या जखमेचा.

मशीन नमुना ताणू लागलं, सोडू लागलं. हजारो वेळा. खाचेतून केसाएवढी भेग निघाली. तिने सरळ जायला हवं होतं. ती ठशाकडे वळली आणि त्याच्या कडेशी थांबली. त्याने ताण वाढवला. भेग जागची हलेना.

लेथवाले काका भिंगातून बघून म्हणाले, "घरीही अशीच अडून बसायची ना?" मग आवाज उतरवून म्हणाले, "ठसा पुसून टाक. किती दिवस धरून ठेवशील?"

त्याने बारीक पेपरने ठसा घासून काढला. मशीन पुन्हा सुरू केलं, आणि शंभरएक झटक्यांत टक्कन दोन तुकडे झाले.

त्याने हातमोज्याने एक तुकडा उचलला. तुटलेल्या करड्या तोंडावर, जिथे आजवर कुणाचा हात पोचणं शक्यच नव्हतं, तिथे अंगठ्याचा गंजका ठसा होता. त्यावर आडवा वण.

काकांनी तो पाहिला आणि मशीन बंद केलं. दुसरा तुकडा स्वच्छ होता.

तुटलेल्या तोंडाला बोट लागलं की नमुना बाद, असा तिथला नियम. बाद नमुना पुन्हा कुणी मागत नाही.

दारातून मॅडमनी विचारलं, "काय आकडा आला?"

त्याने हातमोजा काढला आणि ठशावर आपला अंगठा दाबला. खालून तितकाच दाब परत आला.

"बाद झाला मॅडम," तो म्हणाला. "माझाच हात लागला."