सात वार, सहा समारंभ

मास्तरिणीने शुक्रवारच्या खुंटीवरचा लग्नाचा ड्रेस उतरवला आणि शनिवारच्या खुंटीवर टांगला. मग त्याला टोचलेली चिठ्ठी ओठ हलवत पुन्हा वाचली. सॅटर्डे. वेडिंग. वर खुंटीच्या पुठ्ठ्यावरही सॅटर्डेच. आता जुळलं.

गुरुवारची संध्याकाळ होती आणि मास्तर दोरे आणायला बाजारात गेले होते. ते यायच्या आत तिला सगळ्या खुंट्या नीट लावायच्या होत्या. सोमवारच्या खुंटीवर मंगळवारचा बर्थडे, मंगळवारच्या खुंटीवर बुधवारची एंगेजमेंट, जिकडे बघावं तिकडे तेच. नुसता विसरभोळेपणा असता तर एखादा कपडा इकडचा तिकडे झाला असता. इथे मास्तरांच्या डोक्यातला अख्खा आठवडाच एका दिवसाने घसरलेला दिसत होता. शनिवारच्या खुंटीवरचा रविवारच्या पार्टीचा झगा तेवढा तिने हलवला नाही. रविवारी दुकान बंद, म्हणून रविवारची खुंटी कायम रिकामी. चला, तेवढं तरी त्यांच्या ध्यानात आहे, असं म्हणून तिने स्वतःची समजूत घातली. शुक्रवारच्या फेअरवेलचा कोट शिवून तयार होता. तो गुरुवारवरून काढून शुक्रवारवर लावला आणि ती मागच्या खोलीत काजं करायला बसली.

हे बायकांचे कपडे शिवायचं दुकान. कापायचं, शिवायचं मास्तरांनी. काजं, बटणं, हातशिलाई हिने. पुढच्या भिंतीवरच्या सात खुंट्या हा मास्तरांचा प्रांत. त्याबद्दल त्यांनी कधी सांगितलं नाही, हिने कधी विचारलं नाही. मास्तरांना इंग्रजी मोजून तेरा शब्द यायचे: सात वार आणि सहा समारंभ. शिकाऊ असताना ते उस्तादांनी घोटून घेतले होते आणि तेवढ्या भांडवलावर मास्तरांचा रुबाब साहेबाचा. वर्षभरापूर्वी त्यांनी कपड्यांना चिठ्ठ्या टोचायची नवी टूम काढली. त्याआधी कुणाचं काय आणि कधी, सगळं तोंडपाठ असायचं. हिला वाटलं, मिरवायची हौस, दुसरं काय. गल्ली तिला मास्तरीण म्हणायची, आणि मास्तरिणीला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही ही गल्लीतली जुनी थट्टा होती.

तीही हसायची. पण दोन महिन्यांपूर्वी एका बुधवारी मास्तरांनी विचारलं, आज मंगळवार ना. पुढे एका रविवारी सकाळी किल्ल्या घेऊन दुकान उघडायला निघाले. तिने चुलतसासऱ्यांचं पाहिलं होतं. त्यांचे आधी वार गेले, मग माणसं गेली, शेवटी पोटच्या मुलाला ते अहोजाहो करायला लागले. मास्तरांचं तसं होणार असेल तर निदान दुकानात, गिऱ्हाइकांसमोर तरी व्हायला नको. म्हणून रोज दुपारी मुलं घरी गेली की ती बालवर्गाच्या बाईंकडे जायची. वीतभर खुर्चीत गुडघे हनुवटीला लावून बसायची आणि भिंतीवरच्या तक्त्यावरून वार गिरवायची. ट्यूजडे आणि थर्सडेने फार दिवस दमवलं. समारंभ लवकर आले, ते निदान गिऱ्हाइकांच्या तोंडून कानावर पडलेले होते. कुणाला बोलू नका, असं तिने बाईंकडून वचन घेतलं होतं.

शुक्रवारी सकाळी मास्तरांनी खुंटीकडे पाहिलं. एकच कोट, तोही तयार. आज हात मोकळा दिसतोय, असं म्हणून त्यांनी मशीनला तेल घातलं आणि पुढच्या आठवड्याचे कपडे कापायला घेतले. मास्तरीण मनातल्या मनात सुखावली. कुणाला कळू न देता एक संकट टाळलं, असं तिला वाटत होतं.

सहाच्या सुमारास नवरी मुलगी आली. दवाखान्यात नर्स होती, ड्यूटीवरून परस्पर आलेली. बरोबर तिची आई. ड्रेस न्यायला आल्या होत्या. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला.

मास्तरांनी ड्रेस खाली काढला. त्याला बाह्या नव्हत्या. खालची पट्टी दुमडायची होती. मुलगी नुसती बाकावर बसली. बोलली ती आई.

"मास्तर, आता तुम्ही थांबा. लोकांच्या लेकींची लग्नं म्हणजे पोरखेळ नाही."

मास्तरांनी मान वर केली नाही. भिंतीवरचे पुठ्ठे ते बोटाने मोजत होते, मंडे, ट्यूजडे, आणि स्वतःशीच पुटपुटत होते. शनिवारचं लग्न. म्हणजे द्यायचं शुक्रवारी. म्हणजे शुक्रवारच्या खुंटीला.

मागच्या खोलीच्या दारात मास्तरिणीच्या हातातली सुई तशीच राहिली. चिठ्ठीवर समारंभाचा दिवस, खुंटीवर कपडा द्यायचा दिवस. चाळीस वर्षं खुंट्यांची हीच रीत होती आणि ती दोन महिने शिकून शहाणी झालेली.

मग दोघं खाली मान घालून शिवायला बसले. मास्तरांनी बाह्या लावल्या, तिने पट्टी हाताने घातली. साडेआठला ड्रेस तयार झाला, पण डाव्या खांद्यावर जरा चुणी राहिली. मुलीने ती बघितली आणि असू दे म्हणाली. आईने तेवढंही म्हटलं नाही.

त्या गेल्यावर मास्तरांनी गळ्यातला टेप काढला आणि रविवारच्या रिकाम्या खुंटीवर टांगला. दुकानाच्या किल्ल्या मशीनवर ठेवल्या.

"संपलं गं माझं. शिलाई चुकली तर उसवता येते. खुंटी चुकली म्हणजे डोकंच गेलं."

"तुमची नाही चुकली," ती म्हणाली. "ड्रेस मी हलवला. काल. तुम्ही बाजारात गेला होतात तेव्हा."

मास्तर तिच्याकडे बघून हसले. आजारी माणूस भेटायला आलेल्याशी हसतो, तसे.

"माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. तुला इंग्रजी वाचता येत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे."

ती भिंतीशी गेली. एकेक चिठ्ठी बोटाखाली धरून वाचायला लागली. ट्यूजडे, बर्थडे. वेन्सडे, एंगेजमेंट. कुठे अडली नाही. मास्तर खुर्चीत पुढे सरकले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"म्हणजे मी बरोबरच टांगलं होतं!"

"बरोबरच होतं."

"आणि तू वाचतेस! लबाड कुठली."

ते खरोखर खूश झाले होते. बऱ्याच दिवसांत तिने त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसताच त्यांनी विचारलं, "पण या वयात शिकलीस कशाला?"

सरळ असलेली चिठ्ठी तिने पुन्हा सरळ केली. तो बुधवार, तो रविवार, चुलतसासरे, सगळं तिला आठवलं. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्यांची फार माया वाटली. मास्तर तिच्या बोटांकडे पाहत राहिले. त्यांचं हसू हळूहळू ओसरलं.

"चाळीस वर्षं मला चिठ्ठी लागली नव्हती," ते म्हणाले.

रस्त्यावरून कुणीतरी शटर ओढल्याचा आवाज आला. तिने रविवारच्या खुंटीवरचा टेप काढून त्यांच्या गळ्यात घातला. त्यांनी तो काढला नाही. खिशातून चिठ्ठ्यांची वही आणि पेन्सिल काढून मात्र तिच्या हातात ठेवली.

"यापुढे तू लिही."

मग दोघं उठून कपडे पुन्हा जागच्या जागी लावायला लागले. ती चिठ्ठी वाचायची, ते टांगायचे.

"एक दिवस आधीची खुंटी ना?" तिने विचारलं.

"एक दिवस आधीची." मास्तरांचा हात खुंटीशी थांबला. मागे न वळता त्यांनी विचारलं, "आज शुक्रवारच ना?"

"शुक्रवारच," ती म्हणाली, आणि पुढचा कपडा त्यांच्या हातात दिला.