तलाव घासणाऱ्या ब्रशाचा संशय

मित्रांनो, जरा लांबूनच बोलू या. तुमच्या हातात बाटली, पुडी, डबा असलं काही नाही ना? नाही? मग ठीक. मी पोहण्याच्या तलावाच्या भिंती घासणारा ब्रश आहे, आणि इतकी वर्षं एकाच परसात काढल्यावर माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही.

माझे केस स्टीलच्या तारेचे आहेत. प्लास्टिकच्या केसांचे माझे भाऊबंद वरवरचा बुळबुळीतपणा पुसतात आणि भाव खातात. सिमेंटमध्ये मूळ धरून बसलेलं शेवाळ निघेना झालं, की मग माझी आठवण होते. कारखान्यात माझ्या पाठीला थोडा बाक दिला गेला, कोपऱ्यात नीट बसता यावं म्हणून. ब्रिस्बेनच्या एका दुकानातून डेस हॅनरहन मला घरी घेऊन आला. डेस हा निवृत्त बसचालक. त्याने मला लांब ॲल्युमिनियमच्या दांड्यावर बसवलं आणि बायकोला, नोलीनला, म्हणाला, "बघ, हा आता आपल्या घरचाच!" मला तेव्हाच शंका आली. इतकं गोड बोलणारा माणूस काम फार करून घेतो. पुढे ते खरंच ठरलं.

पण ते दिवस चांगले होते. दर रविवारी मी भिंती घासायचो. मांस भाजायला जमलेले पाहुणे पाण्याकडे बघून म्हणायचे, "डेस, तळाला पडलेलं नाणंसुद्धा वाचता येईल रे!" डेस मला उचलून दाखवायचा. कौतुक तलावापेक्षा त्याच्या हिरवळीचं जास्त व्हायचं, ते मला खुपायचं. हिरवळ हा त्याचा जीव की प्राण. शनिवारी सकाळी तो हाताने फिरवायचं एक यंत्र गळ्यात अडकवायचा आणि शीळ घालत गवताला खत घालायचा. उंच टाचांच्या बायकांना त्या गवतावर पाय ठेवायची बंदी होती.

शेजारी वूला राहायची. ग्रीक, विधवा, सत्तरी ओलांडलेली, आणि आवाज असा की झाडावरचे पक्षी उडावेत. तिच्या खुब्याचा सांधा बदलला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज पाण्यात चाल. तेव्हा डेसने आपणहून मधल्या लाकडी कुंपणात तिच्यासाठी फाटक केलं. ती रोज सकाळी यायची, काळा पोहण्याचा पोशाख घालून, गळ्यात बारीक पिवळ्या मण्यांची माळ, आणि कडेला धरून पायाला शिव्या देत चालायची. नोलीनसाठी पालक भरून भट्टीत भाजलेली खमंग पोळी आणायची. तिचा मुलगा स्टेलिओस मेलबर्नला. तो फोनवर सारखं एकच म्हणायचा, "आई, घर विकू, तू वृद्धाश्रमात राहा." वूलाने त्याला बजावलं होतं, "नाताळला ये. माझ्या पायांनी चर्चपर्यंत चालून दाखवते. नाही जमलं तर विक घर."

आमच्याकडे नाताळ उन्हाळ्यात येतो. त्या वर्षी उन्हाळा तोंडावर आला आणि पायऱ्यांजवळच्या कोपऱ्यात हिरवा डाग दिसला. डेसने क्लोरिन ओतलं, मी घासलं, डाग गेला. काही दिवसांनी परत आला, आणि या खेपेला तिथून भिंतीवर चढला. घासा, औषध घाला, पंपाची गाळणी उलट्या धारेने धुवा, सगळं झालं. शेवाळ मात्र हटायला तयार नव्हतं.

मी एकेकावर नजर ठेवली. तळ साफ करणारं ते निळं यंत्र घोटाळेबाज वाटायचं, कारण ते कोपऱ्यात कधी जातच नव्हतं. रात्री पत्र्यावरून धावणारा पॉसम, तो मांजराएवढा प्राणी, तोही माझ्या यादीत होता. पण माझा खरा संशय वूलावर होता. अंगाला ऑलिव्हचं तेल चोळून पाण्यात उतरणारी बाई सरळ असेल कशी?

डेस बरणीत पाणी भरून तलावाचं सामान विकणाऱ्या दुकानात तपासायला घेऊन गेला. तिथल्या बाईने सांगितलं, "शेवाळाला खायला मिळतंय. बाहेरून काहीतरी पाण्यात पडतंय, ते आधी शोधा." डेस चिडून परतला. "बाटल्या खपवायच्या असतात त्यांना," तो नोलीनला म्हणाला. पण 'बाहेरून' हा शब्द त्याच्या डोक्यात रुतून बसला. आणि त्याच रविवारी पायऱ्या घासताना माझ्या तारांमध्ये बारीक पिवळे मणी अडकून वर आले.

डेसने एक मणी बोटांत धरला. "ही बघ वूलाची माळ! तुटतेय आणि पाण्यात सांडतेय. टोमॅटोच्या वाफ्यातली माती हातापायांना तशीच असते तिच्या. तेल वेगळंच!"

मित्रांनो, मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला कुलूप होतं. वूलाने ते हलवून पाहिलं. "डेस! अरे, फाटक अडकलंय का?"

"अडकलं नाही, लावलंय," डेस अलीकडून म्हणाला. "पाणी खराब होतंय, वूला."

"मग मी काय चिखल घेऊन येते?"

"काय आणतेस ते तुलाच ठाऊक."

पलीकडे तिच्या चाकांच्या वॉकरचा खडखडाट हळूहळू लांब गेला. एवढ्या आवाजाची ती बाई न भांडता गेली, याचं मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून माझा मलाच राग आला.

नोलीन त्या दिवसापासून नवऱ्याशी कामापुरतंच बोलायची. वूला फुटपाथवर चालायचा प्रयत्न करायची आणि आमच्या दारापर्यंत येण्याआधीच धाप लागून थांबायची. पाण्यात पायावर भार येत नाही, सिमेंटवर सगळा येतो. नाताळ जवळ येत होता. आणि शेवाळ? फाटक बंद होऊनही ते वाढतच होतं. हे डेसला दिसत होतं, मलाही दिसत होतं. दोघांनीही तिकडे कानाडोळा केला.

शेवटी नोलीनलाच राहवेना. माझ्या तारांतून तिने एक एक करून सगळे मणी काढले आणि परसातल्या टेबलावर कपात जमवले. "माळ ओवून देते तिला परत," ती पुटपुटली. "निदान तेवढं निमित्त होईल बोलायला." तिने सुईत दोरा घातला, मणी उचलला, आणि तो फिरवत बसली. दुसरा घेतला. तिसरा.

एकाही मण्याला भोक नव्हतं.

तिने नखाने एक मणी दाबला. तो फुटला आणि आतून पाणी आलं. ती उठली, शेडमध्ये गेली आणि डेसने यंदाच आणलेल्या नव्या खताच्या पिशवीतून मूठभर दाणे आणून टेबलावर पसरले. तेच पिवळे, तसेच गोल, आतलं खत हळूहळू झिरपावं म्हणून वरून कवच असलेले.

"डेस!" तिने हाक मारली. "ये, तुझी माळ ओवून दे मला."

डेस आला. दाण्यांकडे बघितलं, कपाकडे बघितलं, हिरवळीकडे बघितलं. ते गळ्यातलं यंत्र दाणे चौफेर उडवायचं, गवतावर आणि थेट पायऱ्यांवरही. शनिवारी शेवाळाला जेवण वाढायचं आणि रविवारी मला घासायला लावायचं, असा आमच्या घरचा कारभार! त्या यंत्रावर मी कधी डोळा ठेवला नव्हता, कारण ते शीळ घालत यायचं.

आमच्याकडच्या पुरुषांना 'चुकलो' म्हणणं जड जातं. डेसने गवत कापायचं यंत्र काढलं आणि वूलाच्या घरासमोरची रस्त्याकडेची पट्टी कापायला लागला. माफी मागायची त्यांची हीच पद्धत. वूला वॉकर ढकलत दारात आली.

"गवताने काय माझं घोडं मारलंय?" ती ओरडली. "यंत्र बंद कर. तोंडाने बोल."

डेसने यंत्र बंद केलं. टोपी काढली. "खत माझं होतं, वूला. मी मूर्ख आहे."

"ते मला माहीत होतं. कुलूप काढ."

मग काही दिवस मी असा राबलो, जसा आयुष्यात राबलो नाही. आधी मी शेवाळाची चिवट साय फोडायची, मग डेसने संध्याकाळी क्लोरिन घालायचं आणि पंप चालू ठेवायचा. शेवाळ मेलं, राखाडी होऊन तळाला बसलं, आणि नळीने ओढून बाहेर गेलं. खताची पिशवी नोलीनने कुणाला तरी देऊन टाकली.

वूला परत आली तेव्हा तिचा पाय आखडला होता. पायरी उतरताना ती अडखळली. डेसने हात पुढे केला, पण तिने तो घेतला नाही. तिने भिंतीला टेकलेला माझा दांडा ओढला, मला तळावर रोवलं आणि म्हणाली, "हा निदान माझ्यावर आळ घेत नाही."

मित्रांनो, मी स्टीलचा आहे म्हणून बरं. नाहीतर तिथेच वितळलो असतो.

रोज ती माझ्या आधाराने चालली. नाताळच्या आदल्या सकाळी स्टेलिओस फाटकात उभा राहून बघत होता. तलावाच्या मधोमध आल्यावर वूलाने दांडा सोडून दिला आणि ती एकटी पलीकडच्या कडेपर्यंत चालत गेली. नोलीन रडायला लागली, डेस शिट्ट्या मारत सुटला, आणि स्टेलिओसने नुसतं विचारलं, "आई, उद्या चर्चला किती वाजता निघायचं?" मी पाण्यात बुडून तळाला पडलो होतो. कुणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं, आणि मला पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही.

म्हणून एवढंच मागतो. काम झालं की मला गोड्या पाण्याने धुवा, सावलीत टांगा, नाहीतर माझ्या तारा गंजतात. संशय घ्या, मीही घेतो, तो काही सुटत नाही. पण तो घेऊन कुणाच्या फाटकापर्यंत जाण्याआधी एकदा आपल्या शेडमध्ये जाऊन या. आणि वूलासारखं कुणी पाण्यात उतरत असेल, तर आमच्यापैकी एखादा तिच्या हाताला लागेल असा ठेवा.