फुलीची जागा

मी बोलतेय खरी, पण आजवर माझ्यातून दुसरेच बोलत आले. तेव्हा अडखळले तर सांभाळून घ्या. मी ट्रान्झिस्टर रेडिओच्या पोटातली तपकिरी पट्टी. वीतभरसुद्धा नाही. पाठीवर तांब्याच्या रेघा आणि अंगभर चौसष्ट भोकं.

माझा जन्म पुण्याचा. आधी मी तांब्यानं मढलेली होते. कुणाची दृष्ट लागावी अशी! मग कारखान्यात माझ्यावर रेघा आखल्या, जळजळीत पाण्यात बुडवलं आणि रेघांबाहेरचं सगळं तांबं विरघळून गेलं. वर एकेक करून भोकं पाडली. मी धाय मोकलून रडले, तेव्हा खालची पट्टी म्हणाली, "रडतेस काय? प्रत्येक भोकात कुणीतरी राहायला येणार आहे." त्या एका वाक्याच्या जोरावर मी सांगलीपर्यंत आले.

१९६६ सालचा दसरा तोंडावर होता. सांगलीच्या गावभागात नानासोंनी रेडिओ जोडायचा लहानसा कारखाना काढला होता. नानासो फौजेत सिग्नलला होते, बिनतारी संदेशाचं काम केलेले. मिशा अशा की बघूनच सरळ बसावं. लांब टेबलाशी पाच बायका. रेझिस्टन्स नावाच्या बारक्या भागांवरचे रंगीत पट्टे त्या लुगड्याच्या काठांवरून ओळखायच्या. "तपकिरी अंगाला काळा काठ, वर लाल" असं पुटपुटत बोटं नेमक्या भोकात जायची. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण चूक नाही! मी तर थक्क होऊन बघत राहायचे.

भिंतीवर माझा मोठा नकाशा होता. त्यात कोपऱ्यातल्या दोन भोकांवर लाल फुली. नानासोंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "फुलीची जागा मोकळी सोडायची. तितं काय बी बसवायचं न्हाई." त्याचं कारण असं की पट्टी एकच, पण तिच्यावर दोन जातीचे सेट व्हायचे. मोठ्या सेटला त्या जागी कंडेन्सर नावाचा एक जादा भाग लागायचा, लहान सेटला चालायचा नाही. आम्ही पंचवीस जणी लहान सेटच्या.

खोटं कशाला बोलू? मला ती दोन भोकं खुपायची. बासष्ट घरांत बिऱ्हाडं आली आणि ही दोन ओसाड.

टेबलाच्या टोकाला बायडाबाई बसायच्या. आटपाडीच्या, विधवा, मुलगा धनाजी फौजेत. शेवटची नजर त्यांची. सगळं नीट बसलंय का बघून त्या पट्टी पुढे द्यायच्या. आणि त्यांनाही माझ्यासारखीच ती भोकं खुपली. शेजारणीचं भांडं परत देताना त्यात चिमूटभर साखर तरी घालणारी बाई ती. रिकामं म्हणून काही हातातून द्यायची सवयच नाही. डब्यात मोठ्या सेटचे कंडेन्सर पडलेलेच होते. त्यांनी एक उचलला, माझ्या त्या भोकांत बसवला, वर वितळलेल्या कथलाचा, म्हणजे सोल्डरचा, थेंब दिला. मग एकेक करत पंचवीसही पट्ट्या भरून टाकल्या. अहो, मी तर हरखून गेले!

दुसऱ्या दिवशी दुपारी नानासोंनी मला सेल जोडले. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. सांगलीचं केंद्र हाकेच्या अंतरावर, पण ते काही लागेना. नुसती खरखर. दुसरी पट्टी घेतली, तिसरी घेतली, तीच गत. साताऱ्याचे दुकानदार हंबीरराव सांजच्याला माल न्यायला येणार होते. कारखान्याची ही पहिलीच मोठी मागणी.

नानासोंनी भिंग लावून मला उलटसुलट पाहिलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"फुलीवर कुनी बसवलं हे?"

बायडाबाई उठल्या.

"म्या बसवलं."

"नकाशावरची फुली दिसली न्हाई?"

"दिसली. पर आवं नानासो, रिकामं कसं धाडायचं? जिवाला बरं वाटंना."

"जिवाला! पंचवीस सेट मुके करून ठेवलं तुमी! उद्यापासनं येऊ नगा."

बायडाबाईंचा चेहरा उतरला. या कामावरच त्यांचं घर चालत होतं. पण त्यांनी पदर खोचला. "जाते. पर माजी चूक आदी माज्या हातानं काडते."

पहिला नंबर माझा. तापलेलं टोक टेकलं, सोल्डर वितळलं, कंडेन्सर सुटला. पण त्यांचे डोळे भरून आले होते. हात क्षणभर जास्त रेंगाळला आणि माझी एक तांब्याची रेघ उखडली. त्यांनी ओठ चावला, बारीक तार घेतली आणि ती रेघ सांधली. उरलेल्या चोवीस जणींना ओरखडाही येऊ दिला नाही.

नानासोंनी पुन्हा मला सेल जोडले. काटा जरा सरकवला आणि माझ्या अंगातून एक माणूस बोलला! सांगली केंद्राचा निवेदक, पावसाचा अंदाज सांगत होता. देवा रे! मधे ना तार, ना दोरी. हवेतून आलेला आवाज माझ्या बासष्ट भोकांतून वाट काढत बाहेर पडत होता, आणि तो यावा म्हणून दोन भोकं मोकळी राहायला हवी होती. मी शहारले. आजही आठवलं की शहारते.

बायडाबाई हात पुसत हळूच म्हणाल्या, "बसवायचं न्हाई, तर भोक पाडलंच कशाला, येवडं सांगा. मी जातेच हाय."

"तितं बसणारा मोठ्या सेटचा असतोय. हितं त्याची जागा नुसती राखायची. कुनाला बी बसवलं की सगळं बिघडतंय."

बायडाबाई बघतच राहिल्या. "मंजी आमच्या धनाजीच्या पाटावानी. सणाला आमी त्येचा पाट मांडतो, रांगोळी काडतो, पर कुनाला बसू देत न्हाई. तसंच व्हय हे?"

नानासो चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "माजी आय बी मांडायची. मी बर्माला हुतो तवा."

हंबीरराव जीप घेऊन आले आणि चोवीस सेट घेऊन गेले. सांधलेल्या रेघेची मी विकायची कशी? नानासोंनी मला रेडिओच्या एका डब्यात बसवलं आणि बायडाबाईंच्या हातात ठेवलं.

"घरी न्या. आन उद्या टायमावर या."

दुसऱ्या दिवसापासून तिथली रीत बदलली. नवी पट्टी आली की बायडाबाई आधी फुलीच्या भोकांवर कागदाची चिठ्ठी डकवायच्या, मग बाकीच्या बायका कामाला हात घालायच्या. पहिली चिठ्ठी त्यांनी घरी येऊन मलाच डकवली होती.

त्या दिवाळीत पाडव्याला धनाजी अचानक दारात उभा राहिला. पाट मांडलेलाच होता. तो बूट काढून त्यावर बसला, आणि बायडाबाईंना वाढता वाढता काही दिसेना. मी कोनाड्यातून मोठमोठ्यानं गात होते.

आता माझा आवाज गेलाय. बायडाबाईही राहिल्या नाहीत. धनाजी म्हातारा झालाय, आटपाडीला असतो. दर दिवाळीला आईच्या नावाचा पाट मांडतो आणि शेजारी मला ठेवतो. तुमच्याकडे जुना रेडिओ असेल आणि कधी उघडलात, तर एवढंच करा, मोकळी जागा दिसली म्हणून लगेच भरू नका.

मागच्या महिन्यात धनाजीनं मला दुरुस्तीला नेलं होतं. कारागिरानं झाकण काढलं, पिवळी पडलेली चिठ्ठी नखानं उचकटली आणि म्हणाला, "हितलं कायतरी पडलंय, काका. बसवू का एक?"

धनाजीनं त्याचा हात धरला.

"पडलं न्हाई रं. आईनं राखलीया ती जागा."