चाकावरचा आळ

आईने चाचणीच्या जड फ्रेममध्ये आणखी एक काच सरकवली आणि विचारलं, "आता नीट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?"

"दोन्ही सारखंच," पावली म्हणाली.

"नीट बघून सांग."

"नीटच बघतेय, आई."

वर्षभरातली ही चौथी तपासणी होती. मुलीचं डोकं दुखलं की आईने तिला या खुर्चीत बसवायचं, तक्त्यावरची अक्षरं वाचून घ्यायची आणि नंबर पावाने इकडे किंवा तिकडे करून नवा चष्मा हातात ठेवायचा, असं चाललं होतं. गल्लीभरचे लोक चष्म्याच्या दुकानात या बाईंकडे डोळे तपासून घ्यायला येत आणि डोकेदुखी काउंटरवर सोडून घरी जात. स्वतःच्या मुलीची डोकेदुखी मात्र काउंटर सोडायला तयार नव्हती. खणात पावलीचे तीन चष्मे पडले होते आणि आठवड्यातून एकदा तरी ती शाळेतून आली की दप्तर टाकून थेट अंधाऱ्या खोलीत जाऊन आडवी होत होती. उलट्याही व्हायच्या. मग दुसऱ्या दिवशी शाळा बुडायची.

पावली हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हतं. जन्मली तेव्हा इतकी इवलीशी होती, की चष्म्याच्या नंबरातली सगळ्यात लहान पायरी, पाव नंबर, आजोबांना आठवली आणि त्यांनी ते नाव ठेवून दिलं. आता ती आईच्या खांद्याच्या वर गेली होती, पण नाव काही वाढलं नाही.

आजोबा काउंटरपाशी बसून मऊ फडक्याने फ्रेमा पुसत होते. मागच्या खोलीतून चाकाचा आवाज येत होता. बहुतेक काचा यंत्रावर कापून व्हायच्या, पण आडव्यातिडव्या फ्रेमांच्या काचा पावलीचे बाबा अजून हातानेच घासत. ओल्या फिरत्या चाकाला काचेची कड लावायची आणि केसाएवढी, केसाएवढी ती उतरवत न्यायची. पावलीचा सगळा जीव त्या चाकावर होता. पंधरावं लागलं की बसवतो, असा शब्द बाबांनी दिला होता आणि पंधरावं लागायला दोन महिने उरले होते.

आजोबांना तो शब्द अजिबात मान्य नव्हता. तीस वर्षं चाकावर घालवून त्यांनी एक दिवस ते सोडलं होतं. "चाक डोळे खातं," असं ते म्हणत. काय खातं, कसं खातं, हे कधी सांगत नसत. विचारलं की फडकं जोरात फिरवायला लागत.

"खालून तिसरी ओळ वाच," आई म्हणाली.

पावलीने दोन अक्षरं वाचली आणि ती थांबली.

"पुढचं?"

"पुढचं नाहीये."

"नाहीये म्हणजे? तक्ता काय मी आज आणलाय?"

आईने सवयीने तिचा उजवा डोळा झाकला.

"आता?"

"तिथे भोक आहे."

डावा झाकला.

"आता?"

"तिथेच आहे. त्याच जागी."

आईचा हात तसाच राहिला. वीस वर्षांत तिने हजारो डोळे झाकले होते आणि उघडले होते. एका डोळ्यात दोष असला, की तो डोळा झाकल्यावर दोषही झाकला जातो, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. दोन्ही डोळ्यांना एकाच जागी एकच भोक पडत नाही. पडलंच, तर ते डोळ्यात नसतं.

"डोळे मीट," ती हळू आवाजात म्हणाली. "गेलं?"

"नाही. उलट जास्त चमकतंय."

आईने चाचणीची फ्रेम तिच्या नाकावरून काढली, तपासणीचं कार्ड उलटं केलं आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

"काय दिसतंय ते काढ."

पावलीने करवतीच्या दातांसारखी एक रेघ काढली. रेघ वाकून अर्ध्या बांगडीएवढी झाली आणि तिच्या पोटात तिने मोकळी जागा सोडली. हात सराईत होता. पहिल्यांदाच काढणारा असा काढत नाही.

"कधीपासून दिसतंय हे?"

"मागच्या वर्षीपासून. आधी हे येतं, मग दुखायला लागतं."

"आणि तू नुसतं डोकं दुखतंय एवढंच सांगत होतीस?"

पावलीने मागच्या खोलीकडे पाहिलं. तेवढं पुरेसं होतं. डोळ्यांपुढे असलं काहीतरी दिसतं हे कळलं असतं, तर तिला चाकाच्या जवळपाससुद्धा कुणी फिरकू दिलं नसतं. म्हणून तिने वर्षभर निम्मं दुखणं सांगितलं आणि निम्मं पोटात ठेवलं. आई बिचारी सांगितलेल्या निम्म्याला चष्मे लावत बसली.

आजोबा उठून आले. कार्डावर वाकले आणि त्यांच्या हातातली फ्रेम काउंटरवर आपटली.

"हिला चाकावर कुणी बसवलं?"

"कुणीच नाही, बाबा," आई म्हणाली.

"मला शिकवू नका. हे चाकाचंच आहे! त्या दिव्याकडे आणि फिरत्या काचेकडे बघून बघून येतं हे. मला वीस वर्षं दिसत होतं. चाक सोडलं तेव्हा सुटलो. पोरीला बसवू नका म्हणून घसा कोरडा केला, तर माझ्या पाठीमागे..."

"आजोबा, शप्पथ, मी कधीच बसले नाही," पावली म्हणाली.

"खोटं बोलू नकोस."

मागचं चाक थांबलं. काच अर्धी घासून चाक थांबवलं तर कडेला डाग पडतो, म्हणून पावलीचे बाबा कुणी आलं, गेलं, हाक मारली तरी हातातली काच पुरी केल्याशिवाय उठत नसत. आता ते ओल्या हातांनी दारात उभे होते. त्यांनी कार्ड उचललं आणि बराच वेळ पाहिलं.

"माझं दुसऱ्या बाजूला येतं," ते म्हणाले. "डावीकडे."

आईने नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमचं? कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून. मला वाटलं, या कामात सगळ्यांनाच दिसत असेल. बाबांना दिसायचं ना."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"तू नंबर वाढवला असतास."

एरवी यावर दुकानात हशा पिकला असता. पण आईचं लक्ष पावलीकडे होतं. पावली उजव्या हाताची बोटं दाबून बघत होती.

"काय झालं?"

"मुंग्या आल्यात. बोटांना. आणि इथे," तिने ओठाच्या कोपऱ्याला हात लावला. "मला ते... ते आपलं... पाणी प्यायचं ते..."

शब्द काही येईना. समोरच्या भांड्याकडे बोट दाखवून ती आईकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत भीती उतरली.

"झोपव तिला," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला होता. "अंधारात पडू दे. तासाभरात उतरतं. उद्या बघू काय ते."

इतके दिवस आईही हेच म्हणत आली होती. उद्या बघू. परीक्षा होऊ दे, बघू. या चष्म्याने कसं वाटतं, बघू. तिने दाराची पाटी फिरवून 'बंद'वर आणली. दुपारचे चार वाजले होते आणि काउंटरवर दोन गिऱ्हाइकांचे चष्मे तयार होऊन पडले होते.

"उद्या नाही," ती म्हणाली. "आत्ता. अहो, रिक्षा थांबवा."

दवाखान्यात पोचेपर्यंत पावलीचे शब्द परत आले होते आणि त्यांच्या जागी दुखणं आलं होतं. त्यांना रांगेत बसवलं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला हात समोर धरायला लावले, हसायला लावलं, सरळ रेषेत चालवलं, मान वाकवून पाहिली. ताप होता का, डोक्याला मार लागला होता का, दुखणं एकदम कळस गाठतं की हळूहळू चढतं, असं एकेक विचारत गेल्या. आई प्रत्येक वेळी तोंड उघडायची.

"तिला बोलू द्या," तिसऱ्यांदा डॉक्टर म्हणाल्या.

मग पावलीने दप्तरातून कंपासपेटी काढली आणि झाकणाची आतली बाजू डॉक्टरांसमोर धरली. तिथे बारीक अक्षरात तारखा कोरल्या होत्या. दोन महिन्यांत अकरा. घेतलेल्या प्रत्येक गोळीचं खाली एक टिंब होतं. टिंबं अकराहून जास्त होती. दुखेल या भीतीने ती आधीच गोळ्या घ्यायला लागली होती, हे आईला तिथे, त्या खुर्चीवर बसून कळलं.

डॉक्टरांनी मात्र झाकण जवळ घेऊन पाहिलं आणि त्या खूश झाल्या.

"माझं निम्मं काम हिने करून ठेवलंय."

मग त्यांनी खोलीतला दिवा मालवला आणि छोट्या दुर्बिणीतून पावलीच्या डोळ्यांत पाहिलं. आईने आयुष्यभर डोळ्यांच्या पुढे काय ठेवायचं ते पाहिलं होतं. ही बाई डोळ्यांच्या मागे बघत होती.

"मागचं सगळं छान आहे," डॉक्टर म्हणाल्या. "हा मायग्रेन आहे. खरा, चांगला, पुस्तकात दाखवावा असा. ती रेघ, मुंग्या, शब्द अडकणं, सगळं त्यातलंच. पण शब्द पहिल्यांदाच अडकले आणि तुम्ही तडक आलात, ते फार बरं केलंत. हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं. परत असं काही नवीन झालं, हातपाय लुळे वाटले, एकदम कधी नव्हे असं दुखलं, तर असंच यायचं."

खरं दुखणं आहे हे ऐकून पावली रडायला लागली. डॉक्टर थांबल्या. आईला आधी वाटलं, ही घाबरली. मग मुलीचा चेहरा पाहिल्यावर तिला कळलं, की हे रडणं सुटकेचं आहे.

"मी उशीर केला का?" आईने विचारलं.

"डोळे तपासलेत ते बरोबरच होतं. पण नंबर बरोबर असून डोकं दुखतच राहिलं, शाळा बुडायला लागली, तेव्हाच यायचं होतं. दुसऱ्या चष्म्याच्या आधी." डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाल्या, "घरात आणखी कुणाला आहे?"

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाबांनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"मला. आणि माझ्या वडिलांना होता. पण त्यांचा चाक सोडल्यावर थांबला."

"तेव्हा वय काय होतं त्यांचं?"

"साठीला आले होते."

"मग वयाने थांबला असेल. पुष्कळांचा थांबतो. हे चाकाने येत नाही हो. हे घराण्यात येतं. दिवा लुकलुकत असेल तर तो बदला, मधूनमधून उठा, जेवणं आणि झोप चुकवू नका. आणि तुम्हीही पुढच्या आठवड्यात या."

पावलीने डोळे पुसले.

"मग मी चाकावर बसू शकते?"

"तेवढं चाक मला एकदा दाखवा बाई," डॉक्टर म्हणाल्या. "बसू शकतेस."

आजोबांना हे सांगायचं काम बाबांवर आलं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं.

"वयाने?" ते म्हणाले. "मी काय तेव्हा म्हातारा होतो?"

दोन दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. फ्रेमा पुसत राहिले. आपण ज्याच्यावर आळ घेतला ते निर्दोष होतं आणि आपण बारा वर्षं नुसतं फडकं फिरवत बसलो, हे पचायला माणसाला दोन दिवस लागणारच.

पावलीची गोळी बदलली. रेघ दिसायला लागली की लगेच घ्यायची आणि आठवड्याचा ठरलेला आकडा ओलांडायचा नाही, असा नेम झाला. पहिल्या महिन्यात तीन तारखा पडल्या, दुसऱ्यात एक. ती एक भूगोलाच्या पेपरच्या सकाळीच आली. पावली आईपाशी जाऊन म्हणाली, "आई, येतेय." एवढंच. गोळी घेऊन ती पडदा ओढून आडवी झाली. आईने कुठलीही काच काढली नाही. तासाभराने पावली उठली, पेपरला गेली आणि घरी येऊन, नकाशा पुरा झाला, म्हणून तिने सगळं दुकान डोक्यावर घेतलं.

पंधरावं लागल्यावरच्या पहिल्या सुट्टीच्या दिवशी बाबांनी नवा स्थिर दिवा लावला आणि तिला चाकापुढच्या स्टुलावर बसवलं. काउंटरवर एक बाई आपल्या लेकीला घेऊन आल्या होत्या. पोरीचं डोकं दुखतं, चष्मा करून द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. आईने दोन्ही डोळे तपासले, मग कार्ड उलटं करून पेन्सिल मुलीपुढे केली.

"नंबर नाहीये. चष्मा देत नाही. डोकं दुखायच्या आधी काही दिसतं का, ते आधी हिलाच विचारू या. आणि हा डॉक्टरांचा पत्ता घ्या."

आतून चाक सुरू झाल्याचा आवाज आला. एकदा कचकचला, थांबला, परत सुरू झाला. आजोबांच्या हातातलं फडकं थांबलं.

"दाबतेय," ते स्वतःशीच म्हणाले.

पुन्हा कचकच झाली.

"अगं दाबू नकोस, नुसती टेकव! तुझा बाप पण असाच दाबायचा." त्यांनी फडकं टाकलं आणि ते आत गेले. आईने मान वळवून पाहिलं. पावलीच्या दोन्ही हातांवर आजोबांचे दोन हात होते आणि बाबा वाकून पाण्याची धार सांभाळत होते. चाकाचा आवाज एकसारखा, बारीक झाला आणि तसाच राहिला.

"माझा चष्मा तयार आहे का हो?" दारातून एका गिऱ्हाइकाने विचारलं.

"बसा थोडं," आई म्हणाली. "आज चाकावर तिघं आहेत."